ऐकणाऱ्यांची परीक्षा : माध्यमिक वर्गांसाठी संगीतश्रवण स्पर्धा
(शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे चित्र प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. व्यासपीठावर चार मुली स्वागतगीत म्हणतात, एखादा मुलगा तबल्यावर साथ करतो आणि समोर सतरंज्यांवर बसलेली तीनशे मुले आपापसांत कुजबुजत असतात. समारंभ आटोपला की अहवालात एक वाक्य लिहिले जाते, ‘शाळेत संगीताच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले जाते.’ हे शिक्षण कोणाच्या वाट्याला आले? गाणाऱ्या चौघींच्या आणि तबला वाजविणाऱ्या एकाच्या. उरलेल्या तीनशे मुलांना संगीतातून काय मिळाले, हा प्रश्न त्या अहवालात उद्भवत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही उरलेली तीनशे मुले हाच आहे.

भाषेच्या तासाला असा प्रकार कधी घडत नाही. वर्गातील प्रत्येक मुलगा कवी होणार आहे अशी अपेक्षा कोणताही भाषाशिक्षक बाळगीत नाही. तथापि कविता मात्र तो सर्वांना शिकवितो. तुला कविता रचता येत नाही, तेव्हा तू ती वाचू नकोस, असे कोणी म्हणत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र हेच वाक्य निराळ्या शब्दांत रोज उच्चारले जाते. ‘तुला गळा नाही, तू मागे बस.’ दहा-बारा वर्षांच्या वयात ऐकलेले हे वाक्य मनुष्य साठीपर्यंत विसरत नाही. संगीत हा आपला प्रांत नव्हे, ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असा समज त्याच्या मनात कायमचा घर करून राहतो. ज्याचा गळा नाही त्याचे कान आहेत, आणि कानांना शिक्षण देता येते, ही साधी गोष्ट शाळेने ध्यानात घेतली, तर हा अन्याय पुष्कळसा दूर होण्याजोगा आहे.

मराठी भाषेने गाणाऱ्याला तानसेनाची उपमा दिली, तशीच मर्मज्ञ श्रोत्यासाठी ‘कानसेन’ हा शब्द घडविला. या एका शब्दात महाराष्ट्राच्या संगीतजीवनाचा इतिहास साठविलेला आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांनी या प्रांतात आणली. मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. अल्लादिया खाँ (1855–1946) यांना कोल्हापूरच्या दरबाराचा आश्रय लाभला, तर अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांनी मिरजेस वास्तव्य केले. भातखंडे यांनी जागोजागी विखुरलेल्या चिजा गोळा केल्या, त्यांना स्वरलेखनाचा आकार दिला आणि रागांची दहा थाटांत व्यवस्था लाविली. हे सर्व थोर पुरुष होते. परंतु त्यांची विद्या टिकली ती केवळ शिष्यांमुळे नव्हे. रात्र रात्र मांडी घालून ऐकणारे व्यापारी, वकील, कारकून, शेतकरी आणि शिक्षक त्यांना लाभले. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतील प्रेक्षकही बालगंधर्वांचे पद चांगले की सामान्य हे ओळखीत असे. असा श्रोता शाळेत तयार झाला नव्हता हे खरे. पण त्या काळी देऊळ, जत्रा, नाटक आणि भजन हीच त्याची शाळा होती. ती शाळा आता पुष्कळ ठिकाणी ओस पडत चालली आहे. म्हणून ते काम खऱ्या शाळेने अंगावर घेणे प्राप्त आहे.

केवळ ऐकण्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. भीमसेन जोशी (1922–2011) यांनी बालवयात गदग येथे अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली. त्या ओढीने 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले आणि पुढे अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य सवाई गंधर्व (1886–1952) यांच्यापाशी शिकले. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तीन मिनिटांनी एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली. आता प्रत्येक मुलाने घर सोडून जावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तीन मिनिटे जर लक्षपूर्वक ऐकली, तर ती थोडी नव्हेत, एवढाच बोध शिक्षकाने घ्यावा.

आता प्रश्न असा, की मुले लक्षपूर्वक ऐकतील कशी? ‘शांत बसा आणि ऐका’ असे सांगून कोणी ऐकत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास ऐकण्यासाठी काही निमित्त लागते, काही शोधावयाचे असावे लागते. या गरजेतून श्रवणस्पर्धेची कल्पना निघाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड नावाचे गाव आहे. तेथे 1916 साली सी. एम. ट्रिमेन या गृहस्थांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांची ‘संगीत-स्मरण स्पर्धा’ घेण्यात आली. तिची रीत साधी होती. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील निवडक रचनांची यादी मुलांना अगोदर दिली जाई. त्या रचना मुले शाळेत आणि घरी पियानोवर किंवा ग्रामोफोनवर पुनः पुन्हा ऐकत. स्पर्धेच्या दिवशी त्यांतील तुकडे वाजविले जात, आणि रचना कोणती व रचनाकार कोण, हे मुले कागदावर लिहीत. ही कल्पना पुढे त्या देशातील अनेक शहरांत पसरली. टेक्सास राज्यातील प्राथमिक वर्गांत तशा स्पर्धा अद्यापि घेतल्या जातात.

ही पद्धत जशीच्या तशी उचलणे मात्र हिताचे नाही. तिच्यात एक गुण आहे आणि एक धोका आहे. गुण असा, की ती न गाणाऱ्या मुलाला संगीताच्या दारातून आत घेते. धोका असा, की नाव ओळखणे म्हणजेच संगीत समजणे, असा भ्रम तिच्यामुळे होऊ शकतो. वीस तुकड्यांचे पहिले पाच सूर पाठ करून नावे लिहिणारा मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवील; परंतु सहावा सूर लागताच त्याचे लक्ष उडालेले असेल. शिवाय हिंदुस्थानी संगीताचे स्वरूप निराळे आहे. तेथे रचना लहान असते आणि तिचा विस्तार त्या त्या वेळी गायक करतो. एकच चीज दोन गायक दोन प्रकारे गातात. इतकेच नव्हे, तर एकच गायक ती दोन दिवशी दोन प्रकारे गातो. यास्तव आपल्या शाळांतील स्पर्धेत नाव ओळखण्यास थोडे आणि काय घडत आहे हे ओळखण्यास अधिक महत्त्व दिले पाहिजे.

या दृष्टीने एक योजना पुढे मांडली आहे. ती इयत्ता आठवी ते दहावीसाठी असून तिला वीस आठवडे लागतील. आठवड्यातून दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, म्हणजे एकूण दहा तास, एवढाच वेळ तिला हवा. साधन म्हणून एक मोबाइल आणि वर्गभर ऐकू जाईल असा एक ध्वनिवर्धक पुरेसा आहे. आकाशवाणीवरून होणारे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. त्यामुळे जुन्या थोर कलावंतांची पुष्कळशी मुद्रणे आता सर्वांसाठी खुली झाली आहेत. तीन मिनिटांच्या त्या जुन्या मुद्रिका तर जणू वर्गातील तासिकेसाठीच घडविल्या होत्या असे वाटते.

पहिले चार आठवडे वाद्यांसाठी ठेवावेत. सतार, सरोद, सारंगी, बासरी, सनई, संवादिनी, तबला, पखवाज आणि तंबोरा एवढी वाद्ये पुरेत. नुसते नाव सांगून थांबू नये. सतारीला पडदे असतात, सरोदाला नसतात, म्हणून सरोदावर बोट एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते. सारंगी गजाने वाजते, म्हणून तिचा सूर तुटत नाही. सनईत फुंकर जिव्हाळीतून जाते, म्हणून तिचा आवाज मांडवाबाहेर पोचतो. नाद असा का निघतो हे कळले, म्हणजे तो ओळखावा लागत नाही, तो आपोआप ओळखू येतो.

पुढचे पाच आठवडे तालाचे. त्रितालाच्या सोळा मात्रा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात आणि केरव्याच्या आठ. येथे मुलांनी लिहावयाचे नाही. हाताने टाळी द्यावयाची आणि खालीच्या जागी हात उघडा सोडावयाचा. त्रितालात नवव्या मात्रेवर हात मोकळा सुटतो आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर समेची टाळी पडते. हा परतण्याचा आनंद ज्याने एकदा अनुभवला, त्याला सम म्हणजे काय याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे रागांसाठी असावेत आणि राग सहाच घ्यावेत : भूप, दुर्गा, यमन, वृंदावनी सारंग, भैरव आणि भैरवी. अधिकाचा हव्यास धरू नये. शिकविण्याची युक्ती अशी, की राग एकेकटा न ऐकविता जोडीने ऐकवावा. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाच सूर येतात. दुर्गेत सा, रे, म, प, ध. फरक एकाच सुराचा, परंतु सगळे वातावरण पालटते. हे दोन राग एकापाठोपाठ ऐकवून ‘आता काय बदलले?’ एवढेच विचारावे. भूपानंतर यमन ऐकवावा. तेथे तीव्र मध्यम आणि निषाद येऊन सुरांचा संसार सात जणांचा होतो. सारंगात गांधार आणि धैवत नाहीत. तो मध्यान्हीचा राग असल्याने शाळेच्या वेळेशी त्याचे आपोआप जुळते. भैरव आणि भैरवी ही नावे सारखी वाटतात म्हणून मुले हटकून घोटाळा करतात. भैरवात रिषभ आणि धैवत कोमल आहेत, भैरवीत गांधार आणि निषादही कोमल आहेत. घराघरांतील ओळखीच्या गाण्यांचा आधार येथे फार उपयोगी पडतो. पहाटे म्हटल्या जाणाऱ्या काही भूपाळ्या, अभंगांच्या चाली आणि जुनी नाट्यपदे यांतून हे सूर मुलांच्या कानांवर पूर्वीच पडलेले असतात. अपरिचिताकडे परिचिताच्या वाटेने न्यावे, हा अध्यापनाचा पहिला नियम येथेही लागू आहे.

पुढील तीन आठवड्यांत ध्रुपद, ख्याल, तराणा, ठुमरी, नाट्यगीत आणि अभंग या प्रकारांतील भेद दाखवावा. शेवटचे दोन आठवडे मात्र काहीही शिकवू नये. दहा-बारा मिनिटांचा एक सलग भाग लावावा आणि शिक्षकानेही मुलांबरोबर बसून तो ऐकावा.

स्पर्धा पन्नास गुणांची असावी आणि तिचे दहा-दहा गुणांचे पाच भाग पाडावेत. वाद्य ओळखणे हा पहिला. तालाला टाळी धरणे हा दुसरा. दोन तुकडे ऐकून राग तोच की निराळा हे सांगणे, आणि सांगता आल्यास नाव देणे, हा तिसरा. प्रकार ओळखणे हा चौथा. पाचवा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्यात चार मिनिटांचे गायन किंवा वादन ऐकवावे आणि एकच प्रश्न द्यावा : ‘या चार मिनिटांत काय घडले, ते आपल्या शब्दांत लिहा.’ ‘गायन अत्यंत मधुर असून मनाला शांती देणारे होते’ असे लिहिणाऱ्यास या भागात गुण देऊ नयेत. कारण हे वाक्य न ऐकताही लिहिता येते. ‘सुरुवातीला तबला नव्हता, तो नंतर आला, एकच ओळ सहा वेळा आली, पण दर वेळी तिचा शेवट निराळा होता’ असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. ‘मला हे आवडले नाही’ असे लिहिणाऱ्यासही पूर्ण गुण मिळू शकतात, मात्र त्याचे कारण ऐकलेल्या सुरांत दाखविलेले असावे. रसग्रहणाचे शिक्षण म्हणजे आवडीची सक्ती नव्हे. खरेपणाने ऐकणे आणि खरे सांगणे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे.

आणखी दोन नियम आवश्यक आहेत. पहिला असा, की स्पर्धेतील निम्मे तुकडे वर्गात ऐकविलेले आणि निम्मे सर्वस्वी नवीन असावेत. म्हणजे घोकंपट्टीला फारसा वाव राहत नाही. दुसरा नियम असा, की तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेने आपले ‘हुशार पाच’ निवडू नयेत. स्पर्धेच्या दिवशी सकाळी संपूर्ण वर्गाच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्या पाच निघतील त्या विद्यार्थ्यांनी शाळेचे प्रतिनिधित्व करावे. हा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु कोणाची चिठ्ठी निघेल हे ठाऊक नसल्यामुळे शिक्षकाला अखेरच्या बाकावरील मुलालाही तयार करावे लागते. पाच जणांना तयार करून उरलेल्यांना टाळ्या वाजविण्यास बसवावयाचे असेल, तर स्नेहसंमेलन आणि ही स्पर्धा यांत अंतर ते काय राहिले?

या दुसऱ्या नियमाचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून एक वर्ग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. एका खेड्यातील नववीचा वर्ग आहे. पटावर अडतीस मुले आहेत. शाळेला संगीतशिक्षक नाही, म्हणून हे काम गणिताच्या शिक्षकांकडे आले आहे. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. ‘मला स्वतःला सूर कळत नाही’ असे त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून पाहिले. परंतु काम टळले नाही. तालाचा आठवडा येतो. ते फळ्यावर दहा चौकोन काढतात, दोन, तीन, दोन, तीन असे भाग पाडतात आणि ध्वनिवर्धकावर झपताल लावतात. पुढच्या बाकावरची मुले फळ्याकडे पाहून टाळ्या देतात आणि चुकतात, कारण डोळे चौकोनावर असले की कान मागे पडतात. अखेरच्या बाकावर एक मुलगा आहे. वाचनात तो मागे आहे, इतिहासात तर दोनदा नापास झाला आहे. तो फळ्याकडे पाहतच नाही. त्याचे बोट मांडीवर हलत असते. थोड्या वेळाने तो उभा राहतो आणि म्हणतो, ‘गुरुजी, हे आमच्या भजनाच्या ठेक्यासारखं नाही. यात दोन जास्त मोजावे लागतात, अन् मग ते परत येतं.’

शिक्षक थबकतात. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि झपताल दहांचा. मुलाने न सांगता हिशेब बरोबर केला आहे. आणि ‘परत येतं’ या दोन शब्दांत त्याने समेची जागा गाठली आहे. त्याचे चुलते देवळात पखवाज वाजवितात आणि हा लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसत आला आहे. शाळेत आल्यापासून ही विद्या त्याला कोणी विचारलीच नव्हती. शिक्षक खडू खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘ये बाळ, तूच पुढे येऊन टाळी दे.’ त्या दिवशी उरलेली सदतीस मुले त्याच्याकडून झपताल शिकतात, आणि शिक्षकही शिकतात.

पुढे शाळेतील स्पर्धा होते. दुसऱ्या शाळेचे एक परीक्षक आलेले असतात. त्यांनी सोयीसाठी तालाची परीक्षाही लेखी ठेवली आहे. या मुलाने उत्तरात ‘जपताल’ असे लिहिले. परीक्षक शुद्धलेखनाचा अपराध म्हणून उत्तर चूक ठरवितात. निकालात तो खालून तिसरा येतो. तो काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांच्या तासिकेला तो पुन्हा अखेरच्या बाकावर जाऊन बसतो आणि त्याचे बोट मांडीवर हलत नाही.

असे घडल्यास ते परीक्षकांच्या दुष्टपणामुळे घडणार नाही. ते केवळ सवयीमुळे घडेल. लिहिता येणे हीच विद्या, अशी शाळेची जुनी सवय आहे. त्या सवयीने या स्पर्धेत प्रवेश केला की जो मुलगा आपल्या कानांच्या बळावर प्रथमच पुढे आला, तोच प्रथम बाहेर फेकला जातो. गणिताच्या शिक्षकांनी अशा वेळी गप्प बसू नये. त्यांनी परीक्षकांकडे जावे आणि नम्रपणे म्हणावे, ‘आपण त्याची टाळी ऐकावी.’ टाळी ऐकल्यावर कोणताही जाणता परीक्षक गुण बदलील. म्हणूनच तालाचा भाग हाताने आणि इतर भागांतील अडचणीची उत्तरे तोंडी घेण्याची सोय असावी, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, हे नियमांत प्रारंभीच लिहून ठेवावे. बालकाची प्रतिष्ठा एखाद्या शिक्षकाच्या धैर्यावर सोपविण्यापेक्षा ती नियमावर सोपविलेली बरी.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप पालकांचा आणि मुख्याध्यापकांचा असतो : दहावीची परीक्षा समोर असता हा वेळ कोठून आणावयाचा? याला काही उत्साही मंडळी उत्तर देतात, की शास्त्रीय संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते आणि गणिताचे गुण वाढतात. हे उत्तर देऊ नये. 1993 साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या एका लहान प्रयोगातून ही समजूत पसरली. मोत्सार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांविषयीच्या काही प्रश्नांत त्यांना किंचित अधिक यश आले. परंतु तो परिणाम सुमारे पंधरा मिनिटांत ओसरला, आणि पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो नीट आढळला नाही. खोट्या आश्वासनावर उभारलेली गोष्ट गुण न वाढताच कोसळते. संगीत हे संगीतासाठीच शिकवावे. आठवड्यात तीस मिनिटे मुलाने पूर्ण लक्ष देऊन काही ऐकले, आणि जे ऐकले ते प्रामाणिकपणे सांगितले, हा लाभ स्वतःच पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे संगीत थोड्या सुखवस्तू लोकांचे आहे. खेड्यातील मुलांशी त्याचे नाते काय? याला उत्तर इतिहासच देतो. किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस राहून कुंदगोळच्या रामचंद्राला, म्हणजेच सवाई गंधर्वांना, विद्या दिली. त्याच मिरजेच्या कारागिरांनी तंबोरा आणि सतार घडविण्याची कला पिढ्यान् पिढ्या जतन केली; तिला 2024 साली भौगोलिक मानांकनही लाभले. गोव्यातील केरी या खेड्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर (1892–1977) अल्लादिया खाँ यांच्यापाशी शिकल्या. 1977 साली व्हॉयेजर याने अवकाशात निघाली, तेव्हा त्यांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची जी तबकडी पाठविली गेली, तिच्यात केसरबाईंच्या भैरवीचाही समावेश आहे. हिंदू आणि मुसलमान, दरबारी आणि ग्रामीण, गवई आणि कारागीर अशा सर्वांच्या श्रमांतून हे संगीत उभे राहिले आहे. ते मूठभरांचे आहे असे आज वाटत असेल, तर त्याचे एक कारण असे, की बाकीच्यांच्या मुलांना ते कोणी ऐकविलेच नाही.

तिसरा आक्षेप स्वतः शिक्षकांच्या मनातील असतो : ‘आम्हांलाच संगीत येत नाही.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो आडकाठी ठरू नये. या योजनेत शिक्षकाने गावयाचे नाही. त्याने लावावयाचे, ऐकावयाचे आणि विचारावयाचे. आठवडाभर अगोदर तो तुकडा स्वतः दहा वेळा ऐकला, म्हणजे मुलांपुढे तो पुरेसा पुढे असेल. गावात जो कोणी सनई वाजवितो, भजनात पखवाज धरतो किंवा संवादिनीवर साथ करतो, त्याला सन्मानाने वर्गात बोलवावे. त्याला मुलांनी ‘बुवा’ म्हणावे, त्याच्यासाठी सतरंजी अंथरावी, आणि त्याचे वादन झाल्यावर प्रश्न विचारावेत. 1977 साली किरण सेठ यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ या चळवळीने मोठमोठे कलावंत विद्यार्थ्यांपुढे आणले. ते प्रत्येक खेड्यात येऊ शकणार नाहीत. परंतु प्रत्येक खेड्यात कोणीतरी वाजविणारा असतोच.

सरकारी पातळीवर माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी 2015 पासून कला-उत्सव भरतो, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शिक्षणात कलांना स्थान दिले आहे. या उपक्रमांत सादर करणाऱ्याला वाव आहे, हे योग्यच आहे. ऐकणाऱ्याला वाव देण्याचे काम मात्र शाळेने आपल्या पातळीवर करावयास हवे. प्राथमिक शिक्षकांचाही यात मोठा वाटा आहे. तिसरी-चौथीच्या वर्गात परिपाठानंतर तीन मिनिटे बासरी किंवा सनई लावली आणि ‘काय ऐकले?’ एवढेच विचारले, तरी आठवीत येणारा मुलगा तयार कान घेऊन येईल. ‘तुला गळा नाही’ हे वाक्य ज्या वर्गात प्रथम उच्चारले जाते, तो वर्ग बहुधा प्राथमिकच असतो. ते वाक्य तेथेच थांबविणे प्राथमिक शिक्षकांच्या हाती आहे.

बक्षिसाविषयी एक शेवटची सूचना. विजयी वर्गाला करंडक देण्याऐवजी एक बैठक द्यावी. तालुक्यातील एखाद्या गायकाला वा वादकाला त्या शाळेत बोलवावे आणि हरलेल्या शाळांतील मुलांनाही त्या बैठकीस निमंत्रण द्यावे. करंडक मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात बंद होतो. ऐकलेले मात्र मुलाबरोबर घरी जाते.

त्या बैठकीत पुन्हा तीनशे मुले सतरंज्यांवर बसलेली असतील. परंतु या वेळी कुजबूज असणार नाही. गायक समेवर येईल, आणि त्याच क्षणी अखेरच्या रांगेतील एखाद्या मुलाचा हात आपोआप मांडीवर पडेल. तो मुलगा कधी गाणार नाही, कदाचित त्याचे नाव कोणत्याही अहवालात येणार नाही. तथापि त्या शाळेत संगीताचे शिक्षण दिले जाते, हे वाक्य त्या दिवशी निःशंकपणे लिहिता येईल.